तुमचा एअरब्रश आला

प्रिय अहो,

तुमचा एअरब्रश काल आला, सोबत कॉम्प्रेसरही. तुमच्या जलदान विधीला आलेले पाहुणे परवाच गेले आणि काल पार्सल दारात! कुरियरवाल्याने विचारलं, "काका हायत का?" मी "न्हाईत" एवढंच म्हणाले आणि खोका आत घेतला. हे कुणाला सांगणार? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

किती महिने निवडत होतात हो! वर्कशॉपात जन्मभर खऱ्या बसगाड्यांवर रंगाची गन मारलेला माणूस, आणि वीतभर प्लॅस्टिकच्या बससाठी एवढा घोळ? जेवतानाही तेच. टाकीवालाच कॉम्प्रेसर पाहिजे, नाहीतर हवा धक्क्याधक्क्याने येते. पाणी अडवणारा फिल्टर पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात रंगावर थेंब उठतात. तोवर वरण निवून जायचं. "घेऊन टाका की एकदाचा!" असं मी वैतागून किती वेळा म्हणाले असेन!

नांदेडचं ते दुकान आठवतं? दुकानदार चांगला महागाचा एअरब्रश दाखवत होता. एकाच बोटाने दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. तुम्ही म्हणालात, "ह्यो नको. पिस्तुलावानी मुठीत धरायचा हाय का?" तो म्हणाला, "काका, ह्याच्यात सफाई लई येते." तुम्ही नुसते हसलात आणि उजवा हात खिशात घातलात.

हाताची थरथर मला कळली नव्हती असं वाटलं तुम्हाला? बसच्या टपावरचे ब्रशचे ओरखडे मीही बघत होते. तुमचा चहा मी कप अर्धाच भरून द्यायचे, ते कधी लक्षात आलं का? माझ्यापासून लपवलंत, याचा राग अजून गेलेला नाही.

आपला संदीप पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, परत करून टाक. कोण वापरणार आता?" त्याचंही बरोबरच आहे. मी खोका पुन्हा बांधायला घेतला होता. पण टेबलावर ती बस तशीच, टप तेवढा लाल आणि खाली सगळी करडी. तिला तसंच सोडून मशीन परत पाठवायचं? माझ्याने होईना.

आज दुपारी पुस्तिकेतली चित्रं बघत सगळं जोडलं. कॉम्प्रेसर घुरघुरला, टाकी भरल्यावर आपोआप थांबला. आधी रद्दीवर नुसत्या पाण्याने सराव केला. मग लाल रंग घालून बसची एक बाजू मारली. फार जवळून मारला बहुतेक, खिडकीखाली ओघळ आला.

तुम्ही असता तर केवढ्यांदा ओरडला असता, "अगं, लांब धर!"

ओरडा की! मी खरंच थांबले हो. एअरब्रश हातात धरून वाट पाहत उभी राहिले. मग मात्र मला रडू आवरलं नाही.

मशीन परत जाणार नाही. ओघळ वाळला की घासून काढीन आणि उद्या दुसरी बाजू मारीन. लांब धरून.

तुमची,
शकुंतला