पाटलांनी हो म्हटलेली विहीर

६ एप्रिल १९३६, सोमवार. गुलबर्गा.

मोगलाईत, निजामाच्या राज्यात आलो. सोलापूरला गाडीत बसून डबा उघडतो न उघडतो तोच परका मुलुख. आई स्टेशनवर अशी रडली की जणू मी विलायतेला चालले आहे.

इथे उतरताच करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर सगळे सामान उघडायला लावले. आमचा लोखंडी रहाट पाहून जमादार बुचकळ्यात. उलटा केला, सुलटा केला, चाक फिरवून पाहिले. दामलेमास्तर त्याला पुस्तकी हिंदुस्थानीत लोककल्याण समजावत होते आणि तो आणखीच संशयाने बघत होता. शेवटी मी पुढे होऊन पायाकडे बोट दाखवले आणि म्हटले, नारू. त्याने लगेच पायजमा वर करून घोट्यावरचा वण दाखवला. आमच्या गावाकडेही या म्हणाला. सामान सुटले.

आम्ही चौघे. दामलेमास्तर आमच्या सोलापूरच्या मंडळाचे पुढारी (यापुढे दा. मा. लिहीन, शाई वाचेल). त्यांची पुतणी कमल, नर्स. यशवंता गवंडी. आणि मी, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. मला ‘तिकडच्या बायकांशी बोलायला’ घेतले आहे. अजून तोंड उघडायची पाळी आलेली नाही, दा. मा.च सगळ्यांचे बोलतात.

७ एप्रिल. हुमनाबाद.

दिवसभर मोटार. केसांत, दातांत, डब्यातल्या दशम्यांत धूळ. कमलला ओकाऱ्या. तरी मन हलके आहे. नवरा गेल्यापासून इतकी वर्षे घर आणि शाळा, शाळा आणि घर. कुठेतरी काहीतरी करायला निघालो याचे फार बरे वाटते, ते लिहून ठेवते.

धर्मशाळेत दा. मां.नी पुन्हा शिकवणी घेतली. ज्याच्या पायातून नारूचा जंत बाहेर पडतो आहे तो पाण्यात उतरला की नारूची पिल्ले पाण्यात जातात. ते पाणी जो पिईल त्याच्या पायातून पुढच्या उन्हाळ्यात नारू निघतो. म्हणून विहिरीच्या पायऱ्या बंद करायच्या, पाणी वरून दोराने काढायचे. काम एवढेच. इतके सोपे आहे की मला संशय येतो.

८ एप्रिल.

भालकीपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. ठाणाकुशनूरच्या अलीकडचे लहान गाव. पाटील अप्पांच्या घरी उतरलो. तहसीलदारसाहेबांचा होकार त्यांनी आधीच मिळवून ठेवला होता, कारण चार परकी माणसे एका ठिकाणी बसली तर इथे बेकायदा सभा धरतात.

घर लिंगायतांचे. एक वाक्य मराठी, एक कानडी, नोकराला ओरडायचे तर दखनी उर्दू. पाटलीणबाई गंगाक्का, उंच, कमी बोलणाऱ्या. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी, अंबाडीची भाजी. दोनदा वाढून घेतली.

सून नीलम्मा बाळंतीण. पाळण्यात मुलगा. आणि तिच्याच घोट्यातून नारू निघतो आहे. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही. आता ते कमल करणार. मी विचारले, दुखते का. हसून म्हणाली, “दोन लेकरं सांबाळायलाव. एक पाळण्यात, एक काडीवर.”

मला ती आवडली.

९ एप्रिल, गुरुवार.

काम फत्ते! विहीर वेशीजवळ आहे. दगडी, एका अंगाने पायऱ्या थेट पाण्यात. दा. मां.नी नारळ फोडला, भाषण केले. पाटलांनी मान हलवली. दहा-बारा पुरुषांनीही हलवली. यशवंताने पायऱ्यांच्या तोंडाशी दगड-चुन्याची कमरेएवढी भिंत घातली, दुसऱ्या अंगाला रहाट बसवला, नवा काथ्याचा दोर. संध्याकाळी दा. मा. गात होते. त्यांना गाता येत नाही.

वेशीबाहेरच्या वस्तीची विहीर वेगळी, तिला कठडासुद्धा नाही. तिकडेही एक रहाट आणून बसवू म्हटले. दा. मा. म्हणाले, आधी हे निभू दे. मला पटले नाही. पुन्हा विचारीन.

१० एप्रिल.

रहाटावर कुणी आले नाही. एकही बाई नाही. कमल आणि मी कठड्यावर बसून राहिलो. बायका डोक्यावर घागरी घेऊन समोरून गेल्या, थेट ओढ्याकडे. तिथे पाणी म्हणजे वाळूतले डबके. ऊन असे की दगडाला हात लावता येत नाही आणि या पोटुशा, म्हाताऱ्या त्या उन्हातून ओढ्याला.

दा. मा. म्हणाले सवय व्हायला वेळ लागतो. पाटील म्हणाले, “व्हय व्हय, येतील.” घरात पाणी कुठून आले ते पाटलांनी पाहिले नाही. मी पाहिले. गंगाक्कांची मोलकरीणही ओढ्यावरूनच आणते.

११ एप्रिल, शनिवार.

आज चुलीपाशी जाऊन बसले आणि गंगाक्कांना सरळ विचारले, आमचे काय चुकले. त्यांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या,

“तुमी पाटलाला इचारलाव. पाटील पाणी भरत्यात व्हय?”

खरेच आहे. गावभर फिरलो, नारळ फोडला, आणि पाणी भरणाऱ्या एकीलाही विचारले नाही. मला तर त्याचसाठी आणले होते. लाज वाटली.

मग एकेक कळले. इथे बाळंतीण गंगा पुजल्याशिवाय चुलीला, घागरीला हात लावत नाही. बारशाचा पाळणा झाला की हळद-कुंकू, विभूती, पान-सुपारी घेऊन पायऱ्या उतरायच्या, पाण्यात पाय बुडवून पूजा करायची, पहिली घागर स्वतः भरून आणायची. नीलम्माचे ठरले आहे सोमवारी. आणि आम्ही गुरुवारी तिच्या वाटेवर भिंत घातली. बायकांच्या मते बाळंतिणीच्या तोंडावर गंगेचे दार लावले. अशा विहिरीचे पाणी कोण नेईल.

आणखी एक. नीलम्माची पहिली मुलगी वर्षाची व्हायच्या आत गेली. त्या वेळीही हिच्या पायात नारू होता, चालता येईना, गंगा पुजायची राहिली. गंगाक्का हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. यंदा राहू देणार नाहीत.

पूजा राहिली म्हणून मूल जाते असे मी मानत नाही. पण तसे त्यांना तोंडावर सांगणे मला जमले नाही, आणि जमायला नको होते असेच अजून वाटते.

१२ एप्रिल.

दा. मां.शी कडाक्याचे भांडण. मी म्हटले, भिंत उघडा. ते म्हणाले, खुळचटपणा आहे, एकदा उघडली की कायमची उघडली. वर, ज्या बाईच्या पायातून नारू लोंबतो आहे नेमकी तीच पाण्यात उतरणार! ती उतरली तर आख्खे गाव पुढच्या वर्षी लंगडेल. कमलही म्हणाली, काकांचे हे मात्र खरे आहे. खरेच आहे. म्हणून तर डोके फिरले.

गंगाक्कांकडे गेले. घागर वर ओढून काढू, घंगाळात ओतून तिथे पूजा करू म्हटले. त्या म्हणाल्या, “गंगेला घरी बोलवायची व्हय? तिच्या दारात जावं लागतंय.” बोलणे संपले.

शेवटी नीलम्माजवळ बसले. तिला कुणीच काही सांगितले नव्हते. सगळे तिच्या पायाबद्दल बोलत होते, तिच्याशी नाही. मी दा. मां.ची शिकवणी माझ्या साध्या भाषेत सांगितली. तिने मध्ये एकदाच विचारले, “म्हंजी माझ्याच पायातलं माझ्या लेकराच्या पोटात?” मी हो म्हटले. तिने पोराला पाळण्यातून उचलून मांडीवर घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. फार जास्त सांगितले का? ओल्या बाळंतिणीला हे सांगावे का? कळत नाही. पण खोटे सांगितले नाही.

दा. मा. संध्याकाळी रिकामा रहाट पाहून आपणहून आले. चेहरा पडलेला. उघडा म्हणाले. पण ती पाण्यात उतरली तर आपण दुसऱ्या दिवशी सोलापूरची वाट धरणार, हे काम झाले नाही असे मंडळाला सांगणार. यशवंताने पहार घेतली. चुना पुरता वाळलाही नव्हता.

१३ एप्रिल, सोमवार.

सगळे लिहून काढते, नाहीतर उद्या वाटेल मीच रचले.

गावातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. नीलम्मा हिरव्या लुगड्यात, कपाळभर विभूती, पायाला कमलची पट्टी. लंगडत वरच्या पायरीपर्यंत आली. दा. मा. लांब लिंबाखाली पाठ करून उभे. मी माझेच हात घट्ट धरून उभी. तिला अडवायचे नाही असे स्वतःला बजावत होते.

ती खाली उतरलीच नाही. वरच्या पायरीवर बसली, दुखरा पाय लांब केला, पोराला छातीशी धरले आणि पूजेचे ताट सासूपुढे केले. माझ्या नावाने तुम्ही पुजा म्हणाली. गंगाक्का म्हणाल्या, असे नसते, आईनेच पुजायची असते. बायकांत कुजबुज. मग नीलम्मा हळूच बोलली. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आले.

“पयल्या येळी मला चालायला येत नव्हतं. तवा तुमी कामून उतरला न्हाईत, अत्याबाई?”

मला वाटले आता गंगाक्का ताट भिरकावणार. त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या की काय ते दिसले नाही. मग ताट घेतले आणि पायऱ्या उतरू लागल्या, गुडघ्यावर हात ठेवत, एकेक.

पूजा शेवटच्या कोरड्या पायरीवर वाकून केली. घागरही तिथूनच बुडवली. पाय पाण्याला लागू दिला नाही. मला वाटते मुद्दाम. कमल म्हणते, पाणी पुढे खोल आहे म्हणून. वर आल्यावर नीलम्माच्या पायांवर ओंजळभर पाणी घातले, पोराच्या ओठांना ओले बोट लावले. घरी पुरणपोळी. नीलम्माने चुलीला हात लावला. सासू-सुना एकमेकींशी फारसे बोलल्या नाहीत, पण एकाच ताटात जेवल्या.

मी आज रडले. कारण नीट सांगता येत नाही. आनंदच असावा.

१४ एप्रिल.

सकाळी पुन्हा जमिनीवर. पायऱ्यांचे तोंड उघडे, आणि बायका पूर्वीसारख्या खाली उतरून पाण्यात उभ्या राहून भरताहेत. ओढ्याला कुणी जात नाही एवढेच. रहाट तसाच. दा. मा. हताश. आजच भिंत परत घालू म्हणून पाटलांकडे गेले. पाटील म्हणाले, “आधी घरात इचारा.” शिकले म्हणायचे.

गंगाक्कांचा निकाल असा. गावात आणखी दोघी बाळंत व्हायच्या आहेत. त्यांची गंगा झाल्याशिवाय दगड नको. पुढचे पुढे. दा. मा. म्हणाले आपण येत्या रविवारी निघणार, हे कसे जमायचे. गंगाक्का म्हणाल्या, ते तुम्ही बघा, आणि ताक घुसळायला बसल्या.

दुपारी नीलम्माचा नारू बोटभर आणखी निघाला. शेवट दिसतो आहे म्हणते कमल.

मी ताकाचा तांब्या घ्यायला गेले तेव्हा गंगाक्का एकट्याच होत्या. तांब्या हातात देताना तळवा माझ्यापुढे उघडला. लाल वळ उठला होता.

“तुमचा दोर हाताला लई काचायलाय,” म्हणाल्या.

रहाटावर पाणी कधी ओढलेत असे मी विचारले नाही. अंबाडीचा मऊ दोर त्या वळून देणार आहेत. अंबाडी भिजवायची, सोलायची, वाळवायची, वळायची, रविवारच्या आत काही होत नाही. मी म्हटले, आम्ही थांबतो.

दा. मां.ना अजून सांगितलेले नाही.