भिंतीच्या मध्यावर

नाशिक, सोमवार

प्रिय ताई,

आज सकाळी मुक्ता आली. चहा घेतला. "मामा, आईचं घर विकतेय. उद्या घेणारे येतील, किल्ली तुम्हीच द्या," म्हणाली. एक गोष्ट तिला पटली नाही, म्हणून तुला लिहितो आहे.

आपल्या दोन घरांमधली भिंत अजून गरम लागते.

तुझा पाणी तापवायचा बंब तिच्या पलीकडेच. गिझर घे म्हटलं की तू म्हणायचीस, "त्या पाण्याने माणूस नुसता ओला होतो. आणि तुला काय रे, ऊब फुकट मिळते. निदान लाकडं तरी फोडून दे."

तू पहाटे पेटवायचीस. जाड विटांतून ऊब माझ्याकडे यायला नऊ-दहा वाजायचे. भिंतीला हात लावला की ताई उठली, बरी आहे, असं मी धरून चालायचो. वेगळं विचारायला यायचो नाही.

त्या दिवशीही भिंत गरम झाली. मी निवांत पेपर वाचत बसलो. तू तर बंब पेटवून लगेच गेली होतीस ना? जन्मभर कारखान्यात भट्ट्या सांभाळल्या मी. उष्णता उशिरा पोचते, हे मला ठाऊक नव्हतं का?

आता तुझं तेरावंही झालं. मुक्ताला भिंतीला हात लावायला सांगितलं. "ऊन येत असेल, मामा." मधल्या भिंतीवर ऊन कुठून येणार?

ती गेल्यावर माझ्या कोनाड्यात हात घातला. तो भिंतीत निम्म्यापर्यंत जातो. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गरम. भट्टीच्या भिंतीतही आगीकडे जावं तसं तापमान चढत जातं. म्हणजे ऊब तुझ्याकडूनच येत होती.

किल्ली घेऊन तुझ्याकडे आलो. बंबात गार राख. तुझ्या बाजूची भिंतही गारठलेली.

सगळ्यात जास्त गरम मध्येच. आग विझल्यावर भिंत अशी होते खरी. दोन्ही अंगं आधी निवतात, मधला भाग शेवटी. पण त्याला एक रात्र पुरते. इतके दिवस ती ऊब कोण धरून ठेवतंय, ताई?

खरं सांगू? भीती वाटली ती ऊब जाईल याची. किल्ली सापडत नाही, असं मुक्ताला सांगावंसं वाटलं.

नाही सांगणार. उद्या किल्ली देईन. नव्या माणसांपाशी भिंतीचा विषय काढणार नाही. आणि मुक्ताची खुशाली रोज तिच्याच तोंडून ऐकेन, हा शब्द.

आता कुकर लावतो. एकट्यापुरता भात.

तुझा,
बाळू