विहिरीचा बुरूज

प्रिय अण्णा,

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. सरपंचांनी आधी डोळे पुसले आणि तिसऱ्याच वाक्याला बुरुजाची गोष्ट काढली. अख्खी शोकसभा पोट धरून हसली हो! मीही हसले, मान खाली घालून. तेव्हापासून घास गोड लागेना, म्हणून लिहायला बसले.

दुष्काळात टँकरसाठी तुम्ही आपल्या कोरड्या विहिरीचा फोटो तालुक्याच्या साहेबांना दाखवलात. साहेब म्हणाले, "मास्तर, तळाला काळंभोर पाणी दिसतंय की!" घरी येईपर्यंत तुम्ही धुमसत होतात. "सावलीला पाणी म्हनतंय ते येडं!"

मग उस्मानाबादच्या वाचनालयातून तुम्ही ते रशियन मासिक आणलंत. चंद्रावर माणसाशिवाय फिरणारी गाडी, आणि तिला दोन डोळे! एकाच खड्ड्याचे दोन फोटो, जरा इकडून नि जरा तिकडून. डावा फोटो डाव्या डोळ्यानं, उजवा उजव्या डोळ्यानं पाहिला की खड्डा खराखुरा खोल दिसतो.

"चंद्रावरचा खड्डा दिसतुया, मग आपली हीर का न्हाय दिसायची?" म्हणत तुम्ही विहिरीवर फळी टाकलीत. फळीवर तुम्ही पालथे, हातात डबा कॅमेरा, आणि आईच्या हातात तुमचे पाय! एक फोटो काढून चार बोटं सरकायचं होतं.

"सरकू नका! म्या धरलंय तवर तुमी हाव!" आई ओरडत होती. तरी सरकलात.

फोटो धुऊन आले. पाठीवर 'डावा', 'उजवा' लिहून ते पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायचं काम तुम्ही मला दिलंत. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, शास्त्रात शाळेत पहिली, मला कोण सांगणार? दोन्ही फोटो पालथे मांडले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. खळ लावली, वरून पुठ्ठा दाबला आणि भाकरीसारखा उलटला. झालं! डावा उजवीकडे गेला.

दोन डोळ्यांना दोन भिंगं बसवून तुम्ही एक खोकं केलं होतंत, त्यात तो पुठ्ठा घालून आपण तालुक्याला गेलो. साहेबांनी खोक्याच्या भिंगांना डोळे लावले. "मास्तर, हा बुरूज कुठल्या गावचा?"

सरपंचांनी वाकून पाहिलं. "आयला, व्हय की! वर कुनीतरी बादली बी ठिवलीय!"

तळाला पडलेली आपलीच बादली होती ती!

हसून हसून साहेब बुरूज बघायला जीप घेऊन आले. विहिरीत डोकावले आणि त्यांचं हसू थांबलं. तिसऱ्या दिवशी टँकर आला. गावाला पाणी मिळालं आणि तुम्हाला 'बुरूज मास्तर' हे नाव. पुढं पोस्टमनसुद्धा त्याच नावानं घर विचारायचा.

पण अण्णा, तुम्हाला कळलं नव्हतं? फोटोंच्या जागा बदलल्या की खड्ड्याचा डोंगर दिसतो, हे तुम्हीच मला समजावलं होतंत! साहेबांसमोर तुम्ही पुठ्ठ्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. आणि म्हणालात, "चूक माजी झाली, सायेब."

का? एक चापट मारायची होती! निदान घरी येऊन रागवायचं तरी! तुम्ही गप्प राहिलात, आणि मी त्याचा फायदा घेतला. शास्त्र शिकवणारी बाई झाले, तरी तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला.

आज तो पुठ्ठा पाण्यात भिजवून दोन्ही फोटो सोडवले. वाळवून नीट चिकटवले, खोक्यातून पाहिलं. विहीर आत गेली, अण्णा! इतकी खोल की मी पाटावरून मागे सरकले. तुमचं काही चुकलं नव्हतं.

रविवारी सोसायटीच्या सभेला सगळा गाव जमेल. खोकं घेऊन मी दारात उभी राहणार. सरपंचांना आधी, मग एकेकाला बघायला लावणार, आणि उलटं कुणी चिकटवलं ते मोठ्यानं सांगणार. मग खुशाल मला 'बुरूजबाई' म्हणू देत. तुम्हाला तसं म्हणायची आता कुणाची टाप नाही.

तुमची,
सुमन