मासा जमिनीवर का मरतो

वेसावे, अंधेरी
४ डिसेंबर १९८७

प्रिय चंद्रप्रकाश,

तुझं पत्र मिळालं. पंचवीस वर्षांनी लिहिलंस, पण उपमा तीच! तेव्हा वाकोल्याला, तुमच्या चाळीखाली म्हणाला होतास, "जया, तू पाण्यातली मासोळी गं. आमच्या घरात गुदमरशील." आणि मी वेडी, त्याला काळजी समजले. तुझ्या आईला माझ्या आईच्या पाटीतली सुरमई चालायची, पाटीवालीची मुलगी तेवढी चालत नव्हती, हे मागाहून कळलं.

पुढे मी शिक्षिका झाले. दरवर्षी सातवीला विचारते, मासा पाण्याबाहेर का मरतो? पोरं कोरसात ओरडतात, "बाई, हवा मिळत नाही!" चूक. पाण्यापेक्षा बाहेर प्राणवायू कितीतरी पट जास्त. पण कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाणी उचलून धरतं, सुट्या ठेवतं. बाहेर काढलं की त्या एकमेकींना चिकटतात, आणि एवढ्या हवेत मासा गुदमरतो. हे शिकवताना मला तुझं घर आठवतं. हवा होती रे भरपूर. उचलून धरणारं कोणी नव्हतं. तू होतास म्हणा, आईच्या पदराआड.

माझ्या नवऱ्याने, तुळशीदासने, मला कधी उपमा दिल्या नाहीत. बोटीवरून थकून आला तरी माझे पेपरांचे गठ्ठे मात्र स्टेशनापासून तोच उचलायचा.

सातवीच्याच पुस्तकात आणखी एक धडा आहे. जमीन भरकन तापते, भरकन निवते. समुद्र उशिरा तापतो आणि निवायलाही फार वेळ घेतो. तू जमीन. मी कोण, ते ओळख.

तर आता तुझी विनंती. माझ्या मुलाला, हरेश्वरला, हे लग्न नको म्हणून समजाव म्हणतोस. तुझी लेक अनुपमा नाहूरच्या ब्लॉकमध्ये वाढलेली, आमच्याकडे तिचा जीव गुदमरेल. अरे, ती परवाच येऊन गेली. बोंबलाच्या कालवणाशी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली आणि मला "आई" म्हणाली. मी होकार दिलाय. तिला उचलून धरायला इथे अख्खी गल्ली आहे, तिची काळजी सोड. लग्न माघात धरलंय, मुद्दाम. तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि वरात त्यांच्यामधूनच जाते. नव्या व्याह्याला तिथे नाचवल्याशिवाय आमच्या बायका सोडत नाहीत. नाकाला रुमाल लावायचा विचार करू नकोस. आमच्यात नाचताना दोन्ही हात वर लागतात.

तुझीच, आता कायमची विहीण,
जया