मूठभर म्हणजे किती

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे; चालवून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिने चढू नकोस. इकडे मी आणि माझी सात वर्षांची नात भिंगरी, दोघंही सुखरूप आहोत. घराबद्दल तसं म्हणवत नाही. फोनच केला असता, पण तू मध्येच हसत सुटतेस. तुझा थोरला उद्या इकडून निघतोय, म्हणून त्याच्या हाती हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, लेकीला नवी नोकरी लागली आणि शाळा सुटल्यावर भिंगरीला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. पाळणाघर की मी? पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवून बघते, मग काय ते ठरवते, असं लेक म्हणाली; ती मुदत येत्या रविवारी संपते. (सख्ख्या बापाला पंधरा दिवसांच्या बोलीवर!) मी म्हटलं, बघ बाई, मला काय. तेवढ्यात तू मोठ्या हौसेने ते पुस्तक पाठवलंस, मुलांसोबत घरच्या घरी करायचे प्रयोग आणि हस्तकला. ताई, तू जन्मभर पोरांना शिकवलंस, तुला ते सोपं. मी चौतीस वर्षं बाजारात वजनमापं तपासली. खोटं माप दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो.

सोमवारी तेच झालं. भिंगरीने कपड्यांचा हँगर, दोरा आणि आइस्क्रीमचे दोन रिकामे कप घेऊन तागडी केली. एकटीने! दाराच्या कडीला टांगली, माझा चष्मा तोलला आणि जाहीर केलं की चष्मा आठ बटणांचा आहे. कौतुक करायचं सोडून मी काय पाहिलं, तर तागडी रिकामी असतानाच डावीकडे झुकत होती. झालं, तोंडून तोच जुना बाजारातला आवाज निघाला, "जप्त!" तागडी उचलून कपाटावर ठेवली आणि वर "परत हवी तर अर्ज करा" असंही म्हणालो. पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती टेबलाखाली जाऊन बसली आणि म्हणाली, "मला पाळणाघरात जायचंय." ताई, स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मनधरणी करावी म्हणून पुस्तकातली खेळायची कणीक करायला घेतली. दोन मुठी पीठ, एक मूठ मीठ, पाणी लागेल तसं. आता तूच सांग, मूठ कोणाची? आणि लागेल तसं म्हणजे कोणाला लागेल तसं? (हे लिहिणाऱ्याचं दुकान असतं तर मी संध्याकाळच्या आत कुलूप ठोकलं असतं.) शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "घाला हो अंदाजाने." अंदाजाने! मी त्यांनाच घरात बोलावून त्यांची पिठाची एक मूठ वाटीत घेतली. वरच्या मजल्यावरचा वायरमन जिन्यात सापडला, त्याचीही घेतली. माझी घेतली. पण तोलायचं कशावर? दुसऱ्यांच्या तागड्या तपासण्यात जन्म गेला, स्वतःच्या घरात एक नाही. माझी नजर कपाटावर गेली आणि टेबलाखालून आवाज आला, "अर्ज करा."

केला, ताई. तारीख घालून, सही करून. "झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे" असंही लिहिलं, आणि खरंच वाटत होतं म्हणून लिहिलं. तिने तो तीनदा वाचला (वायरमन ताटकळत उभा) आणि मंजूर केला. मग तागडी टांगली, हँगरच्या वर उचललेल्या बाजूला कपड्यांचा एक चिमटा लावला, मागेपुढे सरकवला, आणि तागडी सरळ! मी काही सांगितलं नव्हतं. नोकरीत कधी जप्त माल परत दिला नाही, पण तो आनंद काय सांगू! वायरमनची मूठ एकोणीस बटणांची भरली, बाईंची बारा, माझी सोळा. मी सरासरी काढायला बसलो, तर भिंगरी म्हणाली, "आजोबा, पुस्तक मुलांचं आहे. म्हणजे मूठ माझी." मग तिचीच मूठ तोलली. सात बटणं. त्या मापाने कणीक झकास झाली. (पाणी मी घातलं. पहिल्या खेपेला बरंच जास्त लागलं. तो थर अजून फरशीवर आहे.)

तेव्हापासून रोज एक प्रयोग चालू आहे. काल मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवलं. तिसरं तरंगलं, आधीच्या दोघांबद्दल विचारू नकोस. काही वेडंवाकडं लिहिलं असेल तर मोठेपणाने पोटात घाल.

तुझा पिठाने माखलेला
धाकटा

ता. क. लेक तुझंच ऐकते. रविवारी सकाळीच तिला फोन कर आणि पाळणाघर नको म्हणून सांग. मला काही फरक पडत नाही. पोरीच्या भल्यासाठी म्हणतोय.

ता. क. फरक पडतो. शनिवारीच कर.

ता. क. लिफाफा मी चिकटवते असं भिंगरी म्हणतेय, म्हणून पत्र तिच्याकडे देतो. तिला वाचू नकोस म्हणून बजावलं आहे.

मोठ्या आजी, मी वाचलं. मी आईला मंगळवारीच सांगितलं की मी आजोबांकडेच राहणार आणि आई हो म्हणाली. रविवारपर्यंत त्यांना सांगू नकोस. सध्या ते फार छान वागतायत.