तात्यांची पट्टी आणि माझी मुखशुद्धी

हॅनोव्हर,
गुरुवार, दि. १६ ऑक्टोबर २०२५, सकाळचे ९ वाजून १० मिनिटं.
(दह्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण, डबा आणि त्याभोवतीचा पुठ्ठा वेगवेगळे करून खाली तीन निरनिराळ्या कचराडब्यांत टाकून आत्ताच वर आलोय. झाकणाबद्दल अजून खात्री नाही.)

तीर्थरूप मधूमामांना प्रणवचा वाकून नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. तुमची तब्येत कशी आहे? सकाळचा खोकला कमी झाला का? (संध्याकाळचा खोकला मला माहीत आहे, तो आजार नाही.) ऐन दिवाळीच्या गर्दीत दुकान तुमच्या एकट्याच्या अंगावर टाकून आलो याची रोज टोचणी लागते. नगरसेवकांच्या शुभेच्छांचा फ्लेक्स छापायच्या आधी ‘हार्दिक’मधली पहिली वेलांटी कृपया दोनदा बघा, मागच्या वर्षी तिच्यापायी आपण तो दुसऱ्यांदा फुकट छापून दिला होता. एवढं सगळं फोनवर का नाही सांगितलं, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही मामा असता आणि माझी जीभ जड होते. कागद मात्र माझं ऐकून घेतो. आणि ज्या विषयावर आपण दोघं चार वर्षांत एक अवाक्षरही बोललेलो नाही, नेमक्या त्याच विषयावर हे पत्र आहे.

चारुताईची अट तुम्हाला ठाऊक नाही. तिच्या ओवीचं उष्टावण मामाच्या, म्हणजे माझ्या, हातून व्हायचं, म्हणून तिनं मला तिकीट पाठवलं. (सोबतीला तिचे सासरे, आपले श्रीपादतात्या. कुसुमकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यानं तात्यांना एकटं पाठवायला कुणी तयार नव्हतं, आणि मला एकट्याला तर नाहीच.) पण तिकिटाबरोबर तिनं हेही बजावलं होतं, “पन्या, मी दारातच बोटं हुंगणार. सिगारेटचा वास आला तर चांदीची वाटी-चमचा माझ्या हातात द्यायचा आणि ओवीला लांबून टाटा करायचा. खीर तिचा बाबा भरवेल, तनय.” आता तुम्हीच सांगा, आई गेल्यापासून आमच्या घरात मामा या शब्दाला काय वजन आहे. माझ्या तोंडात पहिला घास तुम्ही घातला होता. (तेव्हा तुमच्या बोटांना कसला वास होता हे ताईला आठवतं, तिनंच सांगितलं. अट बहुधा तिथूनच आली असावी, राग नसावा.) त्या पोरीनं मोठं झाल्यावर फोटो बघून विचारलं की मामा खिडकीपाशी का उभा आहे, तर काय उत्तर देणार?

म्हणून मी तयारी केली. शेवटची सिगारेट शुक्रवारी सकाळी ७ वाजून २५ मिनिटांनी, मुंबईच्या विमानतळाबाहेर, तात्या बॅगांना दोरी बांधत होते तेव्हा. पाकिटात चार उरल्या होत्या. कचराडब्यात टाकवेनात, म्हणून पाकीट डब्यावर ठेवलं, आणि कुणी उचलतंय का हे बघायला दोनदा मागे वळलो. खिशात निकोटीनच्या पुदिन्याच्या गोळ्या होत्या, चघळायच्या, दहा. वेष्टनावर नाव ठसठशीत छापलेलं असल्यामुळे त्या सोलून बडीशेपेच्या डबीत भरल्या होत्या. माहितीपत्रक तीन वेळा वाचलं होतं : हळू चावायची, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायची, पुन्हा चावायची. विमान नऊ तासांचं, गोळ्या दहा. तासाला एक, आणि एक संकटकाळासाठी. वेळापत्रक आखून, मोजपट्टीनं रेघा मारून, वहीत चिकटवलं होतं.

पहिली गोळी तोंडात टाकली तोच तात्या वळले.

“प्रणवराव, काय चघळताय?”

“मुखशुद्धी, तात्या.”

“मग द्या की आम्हालाही.”

आता काय करायचं, मामा? वडीलधाऱ्या माणसानं मुखशुद्धी मागितली आणि दिली नाही, असं आपल्यात होत नाही. त्यात ते ताईचे सासरे. आणि तात्या म्हणजे कोण? ज्यांच्या शाळेत मुलं रोज प्रार्थनेनंतर हात पुढे करून तंबाखूमुक्तीची शपथ घ्यायची, ते मुख्याध्यापक! ‘तंबाखूमुक्त शाळा’ ही पाटी आपणच रंगवली होती आणि त्यांनी ती परत पाठवली होती, आठवतंय ना? म्हणाले होते, धूर इतका झोकदार काढलाय की मुलांना ओढावीशी वाटेल. (तो धूर मी काढला होता. मनापासून काढला होता.) अशा माणसाच्या हातावर मी निकोटीनची गोळी ठेवली आणि माझ्याच छातीत धडधडायला लागलं. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की धूम्रपान न करणाऱ्यांनी घेऊ नये. मळमळेल, उचक्या लागतील, ठोके वाढतील. मी घड्याळ बघून तात्यांच्या मानेवरच्या शिरेचे ठोके मोजू लागलो. उचकी नाही, मळमळ नाही. तात्यांनी गोळी दोनदा चावली, अलगद गालात सरकवली, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल शंभर टक्के लागल्यासारखं समाधान पसरलं. गोळी गालात सरकवायची हे त्यांना कुणी सांगितलं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी ठोके मोजत होतो.

पंचवीस मिनिटांनी तात्यांचा हात पुन्हा पुढे. “पुदिना का? छान आहे.” मग आणखी एकदा. चौथ्या तासाला डबी रिकामी झाली, तेव्हा हिशेब असा होता : तात्या सहा, मी चार. समोरच्या पडद्यावर विमान एका निळ्या समुद्राच्या काठाशी चिकटलेल्या माशीसारखं दिसत होतं आणि जर्मनी पडद्याबाहेर होती.

त्यानंतरच्या दोन तासांचं वर्णन काय करू? जागेवर बसवेना म्हणून मधल्या वाटेनं एकतीस फेऱ्या मारल्या. हवाईसुंदरीनं पाणी दिलं, सव्वीसाव्या फेरीला चॉकलेट दिलं. शेवटी संडासात जाऊन उभा राहिलो, तर दारावर काय होतं सांगू? धूम्रपान निषिद्ध अशी पाटी, आणि तिच्याच खाली राखदाणी! म्हणजे ओढायची नाही, पण ओढलीत तर इथे विझवा. धंद्यातल्या माणसाला अशी पाटी बघून गहिवरून येतं. (फुलीची जाडी उत्तम होती, लाल रंग आपल्यापेक्षा जरा गडद.) छतात धूर पकडणारं यंत्र. मला वाटलं, सकाळचा धूर माझ्या छातीत कुठेतरी शिल्लक असणार. श्वास सोडला आणि घंटा वाजली तर? दोन्ही हात वर करून, तोंड बेसिनकडे वळवून मी जमेल तेवढा बारीक श्वास सोडत होतो, तेवढ्यात विमान हादरलं आणि माझा हात नळावर आपटून शर्ट पोटापर्यंत भिजला.

जागेवर आलो तर माझा गुडघा आपोआप हलत होता आणि त्याच्या तालावर तात्यांचा चहा.

“प्रणवराव, खांदा दुखतो का तुमचा?” तात्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

दुखत नव्हता. पण वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? “जरासा,” म्हणालो.

“मग ही पट्टी दंडाला लावून या. सांधेदुखीची आहे. मीही लावलीय सकाळपासून.”

मामा, मी अक्षरं बघून पोट भरणारा माणूस. पट्टीच्या वेष्टनावर समोरून औषधाचं नाव ब्लेडनं इतकं नीट खरवडलेलं होतं की हे काम हेडमास्तरांचंच. पण कोपऱ्यात मुंगीएवढ्या टायपात तेच नाव पुन्हा छापलेलं होतं, ते राहिलं होतं. तेच नाव, मामा, जे मी माझ्या गोळ्यांवरून सोलून काढलं होतं! मी त्या राखदाणीसमोर भिजल्या शर्टानं उभा राहून एवढा हसलो की बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

परत आल्यावर मी अर्थात खांदा चोळत बसलो. विमान उतरताना तात्याच म्हणाले, “तुमच्या मुखशुद्धीनं माझ्या खांद्याला बराच आराम पडला.”

मी म्हणालो, “तुमच्या पट्टीनं माझ्या तोंडाला चव आली, तात्या.”

यावर आम्ही दोघंही पट्टा सोडायच्या सूचनेची फार लक्षपूर्वक वाट बघू लागलो.

पुढे फ्रँकफर्टच्या रेल्वे स्टेशनवर खरी परीक्षा. फलाटावर पिवळ्या रंगानं एक चौकोन आखलेला असतो, ओढणाऱ्यांनी त्याच्या आत उभं राहायचं. (रेघ एका हातानं मारलेली, कुठेही ओघळ नाही.) चार माणसं आत शिस्तीत धूर काढत होती. धुराला मात्र रेघ दिसत नव्हती. तात्या चालत चालत चौकोनाच्या कडेला, नेमका वारा धूर आणत होता त्या बाजूला जाऊन थांबले. “इथे हवा बरी आहे,” म्हणाले. मी म्हणालो, “हो, मोकळी आहे.” आम्ही रेघेबाहेर, बुटाची टोकंसुद्धा बाहेर ठेवून, अकरा मिनिटं खोल श्वास घेत उभे होतो. आतल्या एका बाईंना बहुधा दया आली. त्यांनी पाकीट पुढे केलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तात्यांकडे. मग दोघांनीही एकदम मान हलवली. खरं सांगतो, एकटा असतो तर घेतली असती, आणि तात्यांनी बहुधा दोन घेतल्या असत्या. केवळ एकमेकांच्या धाकानं वाचलो.

वाचलो असं वाटलं. आठ वाजून चाळीस मिनिटांनी ताईच्या दारात. सोळा तास पंचेचाळीस मिनिटं झाली होती, मी ताठ मानेनं बोटं पुढे केली. ताईनं हुंगली. मग तिचं नाक हळूहळू माझ्या कोटाकडे गेलं.

“पन्या.”

“ताई, शपथ.”

“कोट सांगतोय ना सगळं. वाटी दे इकडे.”

मी खरोखरच बॅगेची चेन उघडायला खाली वाकलो, मामा. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून चेन सापडेना. आणि तेवढ्यात तात्या माझ्या पुढे आले. ज्या माणसासमोर ताई आजही पदर नसताना पदर सावरल्यासारखं करते, त्या माणसानं आपले दोन्ही हात, पालथे, शाळेत नखं तपासायला पोरं करतात तसे तिच्यापुढे धरले.

“सूनबाई, त्याला लोकांच्या धुराच्या वाऱ्यात मीच उभं केलं होतं. आधी माझे बघ.”

“अहो बाबा, काय हे!” ताई लाल झाली. तनयजिजाजी मागून “गेनाऊ, गेनाऊ, बघ बघ” म्हणत हसायला लागले. (गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. ते झोपेतही म्हणतात.) शेवटी तिनं हुंगले. मग माझे पुन्हा. मग परत तात्यांचे.

“दोघांनाही एकच वास कसा येतोय? पुदिन्याचा?”

“मुखशुद्धी,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

कोट गॅलरीत लटकले, आम्हाला आंघोळीला पिटाळलं, आणि रविवारी सकाळी ओवी माझ्या मांडीवर बसली. चांदीच्या चमच्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही, म्हणून बोटानं खीर भरवली. तिनं खीर बाहेर काढली आणि बोट धरून ठेवलं. दात नाहीत, पण पकड जबरदस्त आहे. आज सात दिवस होत आले, मी एकही ओढलेली नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रणव

ता. क. : सात दिवसांबद्दल गैरसमज नको. काल औषधांच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेलो, तर रांगेत पुढे तात्या. “खांद्यासाठी,” ते म्हणाले. “तोंडासाठी,” मी म्हणालो. कुसुमकाकूंना यातलं काही कळू देऊ नका. आजपावेतोचा हिशेब : तात्यांकडून येणे, गोळ्या सहा. तात्यांना देणे, पट्टी एक आणि दारात पुढे केलेले दोन हात. म्हणजे बाकी माझ्याच अंगावर निघते.

ता. क. २ : पत्र लिहिण्याचं खरं कारण. मी २ तारखेला निघतोय. रोज संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खिडकीत तुम्ही माझ्यासाठी पाकीट ‘विसरता’, चौकापर्यंत चक्कर मारता आणि परत येताना लांबूनच खोकता, हे मला चार वर्षं माहीत आहे. आता पाकीट विसरू नका. बडीशेप विसरा. खोकत मात्र या, त्याशिवाय संध्याकाळ झाल्यासारखं वाटत नाही.

ता. क. ३ : पाकीट अगदीच फेकूनही देऊ नका. आत्ताच तात्या डोकावून म्हणाले, दिवाळीनंतर एकदा तुमच्या मामांच्या दुकानात निवांत येऊन बसलं पाहिजे. मागे खिडकी आहे ना? मी आहे म्हणालो. मामा, तुम्हाला आता दोघांसाठी खोकावं लागेल.