न हलणारी सुई

४ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं काहीच ऐकू येत नाही आणि तुम्ही नुसतं हो हो करून वेळ मारून नेता, हे आईने फोडलं. जन्मभर तेलविहिरी खोदणाऱ्या रिगच्या पंपांशेजारी उभे राहिलात, कान संपावर जाणारच. म्हणून आता पत्र.

बाबा, तुम्ही खोदल्यात त्या विहिरींच्या वेळी पायाखाली जमीन होती. इथे पायाखाली तरंगता लोखंडी डोलारा, त्याखाली मैलभर पाणी, आणि विहीर त्याच्याही खाली सुरू होते. तिचं तोंड मिटणारी झडपांची थप्पी समुद्राच्या तळाशी, मिट्ट काळोखात बसवली आहे. काल कॅमेऱ्यातून पाहिली, घराएवढी उंच. तिच्यापुढून एक पांढरा मासा इतका निवांत गेला की मी हातातला घास धरून बघतच राहिले. वरून आम्ही बटण दाबतो आणि ती तिथे खाली ऐकते.

विहीर उसळली तर चोक मी सांभाळायचा, असं आमच्या रिगप्रमुख साहेबांनी ठरवलंय. तुमचंच काम. धास्ती वाटते. काही कानमंत्र असेल तर धाडा.

आईला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आईने दोनदा वाचलं आणि चोक म्हणजे काय ते सांगा म्हणून मागे लागली. सांगितलं, विहिरीत गॅस शिरला की तोंड मिटायचं, मग जड चिखल आत ढकलत तो गॅस एका बारीक झडपेतून बेताबेताने बाहेर काढायचा. ती झडप म्हणजे चोक. सैल सोडली तर खालून आणखी गॅस येतो, फार आवळली तर खालचा खडक फुटतो. आई म्हणाली, म्हणजे आपला संसारच की.

कानमंत्र एकच. पंप सुरू होताना चोकवरची दाब दाखवणारी सुई हलू देऊ नकोस. एवढ्या एका वाक्यावर मी माझी माणसं धडधाकट घरी पाठवली. समुद्र असो नाहीतर माळरान, विहीर ती विहीर. फार शहाणपणा करू नकोस.

वेळेवर जेवत जा. आईची माया सोबत धाडली आहे.

तुझा,
बाबा

२९ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा. मी ठणठणीत आहे, इथले सगळे ठणठणीत आहेत.

परवा विहीर उसळली. पंप थांबवला तरी चिखल वर येतच राहिला. ड्रिलरने तळाची थप्पी मिटली. पुढे गॅस काढायची वेळ आली तेव्हा मी चोकपाशी बसले. साहेब मागे उभे. तुमचं पत्र खिशात होतं.

आणि तुमचंच वाक्य आडवं आलं, बाबा. तुमच्याकडे चोक विहिरीच्या तोंडापाशीच असायचा. इथे तोंड तळाशी, चोक वर, आणि मधे मैलभर लांब, मनगटाएवढी नळी. पंप सुरू झाला की चिखल तिला घासत वर येतो, आणि त्या घासण्याचा दाब उलटा विहिरीवर बसतो. चोकची सुई एका जागी धरून ठेवली तर तो सगळा जास्तीचा भार खडकावर. आमचा खडक आधीच नाजूक. म्हणून सुई तेवढी उतरू द्यायची. किती, ते आम्ही आधीच मोजून ठेवतो.

हे मला तोंडपाठ होतं. तरी सुई उतरायला लागली आणि हात आपसूक आवळायला गेला. तो हात तुमचा होता.

शेजारी आणखी एक सुई असते. तिची नळीही तळापासूनच येते, पण तिच्यातून काही वाहत नाही. वाहत नाही म्हणून घासत नाही, आणि विहिरीच्या तोंडाशी काय चाललंय ते ती जसंच्या तसं सांगते. ती किंचित वर सरकली. मी हात सैल केला. पहिली सुई उतरत गेली, दुसरी मागे येऊन थांबली. पंप पूर्ण वेगात आला तरी थांबलेलीच. खाली एवढा समुद्र, त्याखाली खडकात कोंडलेली ती ताकद, आणि माझ्यासमोर ती एवढीशी सुई, श्वास रोखल्यागत. मला रडू फुटलं. साहेब म्हणाले, “रड, पण हात हलवू नकोस.”

गॅस सगळा निघाला. वाक्य तुमचं खरंच होतं, बाबा. फक्त सुई दुसरी होती.

उलट बोलले असेन तर पोटात घाला.

तुमची,
धाकटी

८ एप्रिल

चि. धाकटीस,
साष्टांग नमस्कार.

खरं सांगतो, तुझं पत्र वाचून आधी डोकं तापलं. कालची पोर मला चोक शिकवते. मग बागेतली लांबलचक बारीक नळी आणून स्वयंपाकघरातल्या नळाला जोडली. पलीकडचं टोक सताड उघडं, कुठे काही अडलेलं नाही. तोटी पूर्ण सोडली तर नळापाशी जोडच उडाला आणि ओट्यापासून दारापर्यंत पाणीच पाणी. आई फडकं घेऊन धावली, जे बोलली ते ऐकू आलं नाही हे माझं नशीब. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो. ही वीस-पंचवीस हातांची नळी. तुझी मैलभर.

माझं पत्र खिशात ठेवून तू माझं ऐकलं नाहीस. ऐकलं असतंस तर? हा विचार आला की घास उतरत नाही.

आई म्हणते मायना चुकला, बाप मुलीला नमस्कार लिहीत नाही. तिला म्हटलं, बापाचे आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत. नमस्कार त्या हाताला आहे. तो माझा नव्हता, पोरी. माझा असता तर आवळला असता.

लोभ असावा, ही आता माझी विनंती.

तुझा,
बाबा